मदत हवी आहे : आंबोलीच्या सड्यावरचे टोड

नमस्कार मंडळी, आमचं घर आंबोलीत. कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला आंबोली टोड (बेडकाची एक जात) 2009 मध्ये शास्त्राला नव्याने कळला. पहिल्या पावसात तो जांभ्याच्या सड्यावरच्या (उघड्या कातळपठारावरच्या) उथळ डबक्यांत अंडी घालतो. परवा अशाच वीतभर डबक्यावरून पर्यटकांची गाडी गेली. चाकाच्या चिखलात अंडी चिकटलेली पाहून पोटात कालवलं.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाकडच्या माशासाठी इथे जैवविविधता वारसा स्थळ (संरक्षित जागा) झालंय. सड्यासाठीही तसा प्रस्ताव द्यायचा तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे नेमके कोणते कागद लागतात? आणि तोवर, निदान जून-जुलैत, गाड्या अडवायला दगडांची रांग लावली तर चालेल का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा, पाऊस सुरू झालाय.