लिनक्स मिंट: हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह, दोन्हींवर काहीच कॉपी होत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २१ ही ऑपरेटिंग सिस्टम आहे. आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग्ज त्यावर आहेत. दुसरी प्रत कुठेच नाही, म्हणून बाहेर कॉपी करायला घेतली आणि अडलो.

१ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम) आहे. बहिणीच्या विंडोज १० लॅपटॉपलाही तीच लागते. फायली उघडतात, पण 'पेस्ट' फिकट दिसतं. चमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड) दिलं तर 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' असं उत्तर येतं.

पेनड्राइव्ह नवा आहे. टर्मिनलमधून सुडो (ॲडमिनचे अधिकार) वापरून इएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टम) फॉर्मॅट केला. त्यावर 'परमिशन डिनाइड'.

डिस्कवर घरातले जुने फोटो आहेत, त्यामुळे ती फॉर्मॅट करायची नाही. दोन्हींना एकच उपाय चालेल का?

प्रतिसाद १

नाही, दोन्हींची दुखणी वेगळी आहेत.

पेनड्राइव्हचं सोपं आहे. इएक्सटी४ वर प्रत्येक फोल्डरचा मालक नोंदलेला असतो. सुडोने फॉर्मॅट केल्यामुळे मालक रूट (सिस्टमचा ॲडमिन) झालाय. पेनड्राइव्ह लावा, मीडिया फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली तो दिसेल. फक्त त्याच फोल्डरवर सुडोसह चाऊन (मालक बदलणारी कमांड) चालवून मालकी स्वतःकडे घ्या. ७७७ नको, आणि अख्ख्या मीडिया फोल्डरवर तर मुळीच नको.

हार्ड डिस्कवर संशय विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'चा. विंडोज ८ पासून ही सोय आहे. शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं आणि डिस्कच्या काही नोंदी त्याच्याकडेच अडकून राहतात. अशा डिस्कवर लिहिलं तर फायली बिघडू शकतात, म्हणून मिंट ती फक्त वाचण्यापुरती जोडतो. तिथे चमॉडचा काही उपयोग नाही.

डिस्क बहिणीच्या लॅपटॉपला लावा. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, मग चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवा आणि 'सेफली रिमूव्ह' करूनच डिस्क काढा. मिंटवर एनटीएफएसफिक्स ही कमांड आहे, पण ते किरकोळ दुरुस्तीच करतं. चेकडिस्कची जागा ते घेत नाही.

प्रतिसाद २

एवढं करूनही अडलं तर डीमेसेज (सिस्टमचे संदेश दाखवणारी कमांड) बघा. तिथे 'राइट प्रोटेक्ट इज ऑन' दिसलं तर लिहायला नकार खुद्द ड्राइव्हच देतोय, परवानग्यांचा त्यात संबंध नाही. एसडी कार्ड वापरत असाल तर कडेची लॉकची पट्टी आधी तपासा.

धागाकर्ता

पेनड्राइव्ह चालला! ओव्या कॉपी झाल्या, ऐकूनही पाहिल्या. मनापासून आभार. बहीण रविवारी येतेय, तेव्हा डिस्कचं बघतो. चेकडिस्कमुळे फोटो जाण्याची भीती आहे का?

प्रतिसाद १

सहसा नाही. पण डिस्क आत्ता वाचता येतेय, तर रविवारची वाट न बघता सगळे फोटो आजच डेस्कटॉपवर उतरवून घ्या. चेकडिस्क त्यानंतर.