काजळी, मस की किटण? इंजिनातल्या काळ्या थराचे नाव

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल मोटारीची ईजीआर झडप (इंजिनातून निघालेल्या धुराचा काही भाग पुन्हा आत सोडणारी) आणि तिच्या पुढचे हवेचे मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा जोड, मी गेल्या रविवारी घरीच उघडून साफ केले. त्या कामाची टिपणे मराठीत लिहिताना दोन ठिकाणी अडलो. गॅरेजात सगळे ‘कार्बन काढला’ म्हणतात. मी ‘काजळी’ लिहिले. परंतु मॅनिफोल्डमध्ये बोट घातले तेव्हा हाताला लागले ते डांबरासारखे ओले आणि चिकट होते, चमच्याने उचलता यावे इतके जाड. त्याला काजळी म्हणणे मनाला पटत नाही. शिवाय ईजीआरसाठी ‘निष्कास वायूंचे पुनर्चक्रीकरण’ हा शब्दप्रयोग योग्य आहे का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण तिथे खरोखरच दोन निरनिराळे पदार्थ असतात. संस्कृत ‘कज्जल’वरून आलेले काजळ आणि त्यापासून झालेली काजळी ही धुरातून बसणारी, कोरडी आणि बोटाने पुसली जाणारी असते, कंदिलाच्या काचेवर धरते तीच. झडपेच्या ज्या बाजूने गरम धूर येतो, त्या बाजूला बहुधा हीच सापडते. पुढे मॅनिफोल्डमध्ये मात्र या काजळीला क्रँककेसच्या (इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागाच्या) ब्रीदरमधून, म्हणजे वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येणारी तेलाची वाफ भेटते, दोन्ही मिळून थंड भिंतीवर थापले जातात आणि वर्षानुवर्षे घट्ट होत जातात. देवघरातल्या समईच्या बुडाला तेल, धूळ आणि काजळी मिळून जो हट्टी थर बसतो, त्याला आपल्याकडे ‘किटण’ म्हणतात. मॅनिफोल्डमधल्या थराला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. ‘कार्बन’ हा बोलण्यात सोयीचा असला तरी तो कोरडे आणि ओले हा भेद पुसून टाकतो, आणि साफ करणाऱ्याला तर तोच भेद आधी कळायला हवा.

आता दुसरा मुद्दा. ‘पुनर्’ला ‘च’ लागला की संधिनियमाने ‘पुनश्च’ होते, म्हणून ‘पुनर्चक्रीकरण’ व्याकरणात बसत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चक्रीकरण म्हटले की भंगाराचा पुन्हा वापर डोळ्यांसमोर येतो. इथे धुराचा काही भाग फिरवून पुन्हा इंजिनात सोडतात, त्यामुळे आतल्या मिश्रणातला प्राणवायू कमी होतो, ज्वलनाचे कमाल तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. ‘रक्ताभिसरण’ शाळेपासून ओळखीचे आहे. त्याच धर्तीवर ‘पुनरभिसरण’ सहज कळते. भारतात 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरातील प्रदूषणाची मर्यादा ठरवणारे बीएस-6 निकष लागू झाले आणि डिझेल मोटारींसाठी या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅमवरून 80 वर आली, तेव्हा या शब्दाची गरज वाढतच जाणार आहे.

पुरवणी प्रश्न : आमच्या गावाकडे चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला ‘मस’ लागते असे म्हणतात. तो शब्द इथे चालेल का?

उत्तर : काजळीच्या जागी अवश्य चालेल. संस्कृत ‘मषी’ म्हणजे शाई किंवा काजळ. ‘मस’ हे तिचेच घरगुती रूप. मात्र मसही कोरडीच, त्यामुळे तेलकट थरासाठी किटणच ठेवावे.

क्रियापदाचीही काळजी घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. काजळी झाडतात, किटण भिजवून काढतात. ‘खरवडले’ हे क्रियापद टिपणात आले की वाचणारा स्क्रूड्रायव्हर हाती घेईल, आणि ॲल्युमिनियमच्या बैठकीवर ओरखडा पडला तर झडप पुन्हा नीट मिटणार नाही. ‘धुतले’ हेही टाळावे, कारण झडपेच्या विजेच्या मोटरवर द्रावण जाता कामा नये. आपले वाक्य मी असे लिहीन : ‘झडप गाडीवरून उतरवून तिच्या तोंडावरची काजळी नायलॉनच्या ब्रशने झाडली, मॅनिफोल्ड सोडवून बाहेर काढले, त्यातले किटण द्रावणात भिजू दिले, मऊ झाल्यावर फडक्याने पुसून घेतले आणि जोडताना गॅस्केट नवे घातले.’