आउश्वित्झला मुलीला न्यावे का, आणि आधी चित्रपट दाखवावा का?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार. माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त पोलंडमधील क्राकोव येथे राहतात आणि येत्या मे महिन्यात आम्ही तिघे पंधरा दिवसांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. तेथून आउश्वित्झ साधारण ७० किलोमीटरवर आहे. माझ्या पतीचे म्हणणे असे, की इतक्या जवळ जाऊन नाझींची ती छळछावणी न पाहता परतणे मनाला पटणार नाही. सासूबाई मात्र म्हणतात, सुट्टीत पोरीला मसणवटा दाखवायला नेता काय. मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. वाचते भरपूर, पण ज्यूंच्या संहाराविषयी तिला शाळेच्या पुस्तकात आहे तेवढेच ठाऊक आहे. जाण्यापूर्वी 'शिंडलर्स लिस्ट' हा, ज्यूंना वाचवणाऱ्या शिंडलर या जर्मन कारखानदारावरचा चित्रपट दाखवून तिच्या मनाची तयारी करावी, असा माझा विचार आहे. ज्यांनी ती जागा प्रत्यक्ष पाहिली आहे त्यांनी कृपया सांगावे.

हरिपूररोड (सांगली)
चित्रपट अवश्य दाखवा, पण परत आल्यावर. १९९३चा तो चित्रपट मी चार वेळा पाहिला आहे आणि त्याच्याविषयी आदर राखूनच हे लिहितो. त्यात आउश्वित्झला चुकून पोहोचलेल्या बायका स्नानगृहात कोंडल्या जातात, दिवे जातात, आपला श्वास अडकतो, आणि वरून विषारी वायूऐवजी पाणी येते. त्या खऱ्या घटनेतील बायका वाचल्या हे खरेच. परंतु त्या छावणीत सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, त्यांतील जवळपास १० लाख ज्यू होती, आणि मुलीच्या मनात पहिले चित्र बसेल ते पाणी आल्याचे. शिंडलरने वाचवलेल्यांचा आकडा जेमतेम बाराशेच्या घरातला आहे. शिवाय दिग्दर्शक स्पीलबर्ग यांना आउश्वित्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊच्या आवारात चित्रीकरणाची परवानगी मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी फाटकाबाहेर उलट्या बाजूने देखावा उभारला. आपण पडद्यावर जे 'आत' समजतो ते बाहेर आहे.

आपण दोघांनी मात्र जाण्यापूर्वी क्लोद लांझमान यांचा ज्यूसंहारावरील माहितीपट 'शोआ' (१९८५) थोडा थोडा करून पाहावा. तो नऊ तासांहून मोठा आहे आणि त्यात जुन्या काळचे एकही चित्रीकरण वापरलेले नाही. आम्ही काही मित्रांनी तो चार रविवारी मिळून पाहिला. तिसऱ्या रविवारी पाचच जण उरले होते. त्यात एक न्हावी गिऱ्हाइकाचे केस कापता कापता ट्रेब्लिंका या नाझींच्या मृत्युछावणीत त्याला स्त्रियांचे केस कापावे लागत, त्याविषयी सांगतो, आणि एका ठिकाणी त्याला पुढे बोलवत नाही. कात्री मात्र चालूच राहते.

चारभिंती (सातारा)
ताई, मी २०१८ साली जाऊन आले आहे. संग्रहालयच १४ वर्षांखालील मुलांना आणू नये असे सुचवते. सक्ती नाही, निर्णय पालकांचा असतो. प्रवेशिका प्रत्येकाच्या नावाने आधी काढून ठेवावी लागते, ओळखपत्र जवळ ठेवावे लागते आणि मोठी बॅग आत नेता येत नाही. आउश्वित्झची विटांची मूळ छावणी आणि तेथून तीनेक किलोमीटरवरचे बिर्केनाऊ अशा दोन जागा आहेत, त्यामुळे अर्धा दिवस तरी हातात ठेवा.

छावणीत मारलेल्यांचे कापलेले केस ठेवले आहेत, त्या केसांच्या दालनात छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. मुलीला तेथे नेऊ नका, आपण एकेकाने जाऊन या. मला स्वतःला मात्र सर्वाधिक लागले ते दुसरेच. माझे वडील फौजेत होते. त्यांची काळी लोखंडी ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, नाव आणि जिल्हा लिहिलेला आहे, आणि 'सातारा'मधला 'रा' जागा न पुरल्याने कोपऱ्यात कोंबलेला आहे. काचेमागे सुटकेसींचा जो ढीग आहे, त्यांवरही अशीच पांढरी अक्षरे आहेत: नाव, कोठे जन्मतारीख, कोठे गाव. एकीवर शेवटची अक्षरे अशीच दाटीने बसवलेली दिसली. सामान परत मिळणार या भरवशावर कोणीतरी ती नीट, सावकाश रंगवली होती. माझ्यामागची मंडळी पुढे निघून गेली तरी मला तेथून हलता येईना. बिर्केनाऊत त्या मानाने पाहण्यासारखे 'काही नाही', रूळ, गवत आणि माघार घेण्यापूर्वी नाझींनीच सुरुंगाने उडवलेल्या गॅस चेंबरचे ढिगारे आहेत; पण त्या जागेचा विस्तार पायी चालल्याशिवाय कळत नाही.

मिरजजंक्शन
आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडेलासुद्धा हिटलरच्या छावण्यांतून सुटलेले ज्यू राहत होते ना? आधी तेच दाखवा.

निवृत्तशिक्षक (कराड)
ही गल्लत वारंवार होते, म्हणून थोडे लिहितो. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडेच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, पण ते बहुतांशी ज्यू नव्हते आणि आउश्वित्झमधून तर आलेच नव्हते. पूर्व पोलंड सोव्हिएत ताब्यात गेल्यावर १९४०-४१मध्ये त्यांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार करण्यात आले, आणि तेथून सुटल्यावर ते इराणमार्गे इकडे पोहोचले. त्यांच्यातील आजाऱ्यांची सोय आमच्या जिल्ह्यात पाचगणीलाही होती. पुढे त्याच जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. दोन्ही दुःखे खरी आहेत, म्हणूनच ती एकमेकांत मिसळू नयेत. मुलीला वळिवडे जरूर दाखवा, मात्र हा फरक सांगून.

कृष्णाकाठ (सांगली)
सर्वांचे आभार. चित्रपट परतल्यावरच दाखवू. बिर्केनाऊला तिघेही जाऊ. मूळ छावणीत मुलगी सुटकेसींपर्यंत येईल आणि केसांच्या दालनाबाहेर आमच्यापैकी एक जण तिच्याजवळ थांबेल. सरांचा मजकूर तिने दोनदा वाचला आणि नकाशा काढून बसली. येत्या रविवारी मिरजेहून कोल्हापूरच्या पॅसेंजरने वळिवडेला जाऊन येतो. सासूबाईही येते म्हणाल्या आहेत.