विरघळणे, वितळणे आणि पाघळणे

मुलगी सातवीत आहे. विज्ञानाच्या वहीत तिनं लिहिलं, 'लिमलेटची गोळी तोंडात वितळते.' बाईंनी 'वितळते' खोडून 'विरघळते' केलं. आम्ही सांगलीत घरी सगळे 'वितळते'च म्हणतो. खरंच एवढा फरक आहे का?

—

ताई, फरक आहे आणि तो जपावा असा आहे. वितळायला नुसती उष्णता पुरते, विरघळायला सोबत लागते. मेण, बर्फ, तूप एकटं वितळतं. साखर वितळवायची तर कोरड्या कढईत १८० अंशांच्या आसपास न्यावी लागते, आणि तोवर ती तांबूस व्हायला लागते. तोंडात असतात जेमतेम ३७ अंश. तिथं गोळी झिजते ती लाळेतल्या पाण्यामुळं.

काचेच्या पेल्यात पाणी घ्या, दोऱ्यानं खडीसाखर वरच्या बाजूला टांगा आणि पेला उजेडासमोर धरा. खड्याखालून वाकड्यातिकड्या रेघा तळाकडे उतरताना दिसतील. तो पाक. पाण्यापेक्षा जड, म्हणून खाली जातो नि खड्याला ताजं पाणी मिळतं. तळाशी पडलेला खडा मात्र स्वतःच्याच पाकात बसून राहतो, म्हणून तर आपण चमचा फिरवतो. मुलीला हे दाखवाच.

शब्दाची खूण उलट्या बाजूनं पटते. वितळलेलं गार झालं की थिजतं. विरघळलेलं खडे धरतं. तूप थिजतं, मधाची मात्र साखर होते.

—

मग संक्रांतीच्या वड्यांना 'तुपात गूळ विरघळवून घ्या' असं लिहितात ते?

—

ते चूक. तुपात गूळ विरघळत नाही, आचेनं वितळतो. ढवळणं थांबवा, तूप कडेला वेगळं दिसेल.

—

दादा, मार्केट यार्डात आमचा तिसराच शब्द आहे. पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटतं, बारदान चिकट होतं. त्याला आम्ही 'गूळ पाघळला' म्हणतो. आच नाही, कुणी पाणी ओतलेलं नाही.

—

फार नेमका शब्द! गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो आणि त्यातच थोडाथोडा विरघळतो. ओलावा लवकर ओढणारं ग्लुकोज-फ्रुक्टोज गुळात पांढऱ्या साखरेतल्यापेक्षा जास्त, म्हणून साखरेआधी गूळ पाघळतो. गोड बोलण्यानं माणूस पाघळतो तेही असंच, चटका न लागता. ताई, पावसात बरणीतल्या गोळ्या कागदाला चिकटतात ना, त्यांनाही 'वितळल्या' म्हणू नका. त्या पाघळल्या.