न्यायालयाने सोडले, मग मंडळाने का नाही?

परभणीकर: 2013 मध्ये राजस्थान रॉयल्सच्या श्रीशांत, चंडिला आणि अंकीत चव्हाण यांना स्पॉट फिक्सिंगच्या (पैसे घेऊन सामन्यातला ठरावीक भाग आधी ठरल्याप्रमाणे खेळण्याच्या) आरोपावरून अटक झाली आणि 2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले. तरीही क्रिकेट मंडळाने त्यांच्यावर घातलेली खेळण्याची बंदी का उठवली नाही? आम्ही चाहत्यांनी कोणाचे मानावे?

लातूरचा वकील: फौजदारी खटला आणि मंडळाची शिस्तभंगाची कारवाई या स्वतंत्र प्रक्रिया असून, दुसरीत पुराव्याचा निकष तितका कठोर नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये श्रीशांतची आजन्म बंदी रद्द केली, ती शिक्षेच्या प्रमाणाचा फेरविचार व्हावा म्हणून. पुढे ती 7 वर्षांवर आली.

बीडकर: वकीलसाहेब, कायदा समजला; पण आमच्या चौकात निकाल अटकेच्या दिवशीच लागला होता, हे मला अधिक खटकते.