अमेरिकेतली मालगाडीची कंपनी गावाला बाग करून देते, पण कामगार आणि रुळांचं काय? केस स्टडीसाठी मदत हवी

सायली_कोथरूड

नमस्कार, मी पुण्यात एमएसडब्ल्यू करतेय, शेवटचं वर्ष. सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या) पेपरला सगळे तेच तेच विषय घेतात म्हणून मी अमेरिकेतल्या मालगाडी कंपन्या घेतल्यात, इथे रेल्वेवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय.

विषय सुचला दादामुळे. तो ओमाहाला असतो, युनियन पॅसिफिकचं हेडऑफिस तिथेच आहे. तो बिग बॉय 4014 चे फोटो पाठवत असतो, ते अवाढव्य वाफेचं इंजिन 2019 मध्ये कंपनीने दुरुस्त करून परत लाईनवर आणलं आणि आता ते जिथून जातं तिथे लोक पोराबाळांना घेऊन रुळाकडेला उभे असतात. वाचत गेले तर बाकीच्यांचंही असंच काहीतरी आहे. सीएसएक्स या कंपनीची सांता ट्रेन 1943 पासून अ‍ॅपलॅशियाच्या कोळसापट्ट्यातल्या गावांना खेळणी, कपडे वाटत जाते, कॅनडावाल्यांची हॉलिडे ट्रेन 1999 पासून फूड बँकांसाठी धान्य आणि पैसे गोळा करते. मला हे मनापासून आवडलं.

आणि मग ईस्ट पॅलेस्टाईन वाचलं. ओहायोतलं पाच हजाराच्या आतलं गाव, 3 फेब्रुवारी 2023 ला नॉरफोक सदर्न या मालगाडी कंपनीचे 38 डबे घसरले, त्यात व्हिनाइल क्लोराइड या घातक केमिकलचे टँकर होते, तीन दिवसांनी त्यातले पाच मुद्दाम फोडून पेटवले आणि सगळ्या गावावर काळा ढग. कंपनीने सुरुवातीला मदत म्हणून 25,000 डॉलर दिले, मग टीका झाल्यावर आकडे वाढत गेले, गावच्या बागेसाठी अडीच कोटी डॉलर कबूल केले. आणि याच्या जेमतेम दोन महिने आधी याच सगळ्या कंपन्यांचे कामगार पगारी आजारपणाच्या रजेसाठी संपाच्या तोंडावर आले होते.

माझा प्रश्न असा की दान पण खरं आहे आणि हेळसांड पण खरी आहे, मग कंपनीला जोखायचं कशावर? मॅडम म्हणतात दोन्ही बाजू मांड आणि बॅलन्स्ड निष्कर्ष काढ. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाहीये.

दौंडकर_टीएक्सआर

सायलीताई, मी कॅरेज अँड वॅगनला होतो, सगळी नोकरी मालगाड्यांच्या खाली वाकून गेली, आता हडपसरला असतो. बागेचं राहू द्या, तुम्ही आधी त्या चाकाचं बेअरिंग समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

त्याला आमच्यात हॉट अ‍ॅक्सल म्हणतात. बेअरिंग खराब झालं की ते तापत जातं, तापत तापत शेवटी अ‍ॅक्सलच तुटतो आणि डबा खाली बसतो. तिकडे रुळाच्या बाजूला डिटेक्टर बसवलेत, जाणाऱ्या प्रत्येक बेअरिंगचं तापमान मोजतात. त्या गाडीचं पहिल्या डिटेक्टरला आलं हवेपेक्षा 38 डिग्री फॅरनहाइट जास्त. पुढच्याला 103. त्याच्या पुढच्याला 253, तेव्हा अलार्म वाजला, लोको पायलटने ब्रेक लावला पण तोवर उशीर झाला होता. आता बघा, 103 ला कोणी गाडी का थांबवली नाही, तर कंपनीने स्वतःच ठरवलेली हद्द 170 ची होती. आणि 103 दाखवणाऱ्या आणि 253 दाखवणाऱ्या डिटेक्टरमध्ये अंतर किती, तर जवळपास 20 मैल, म्हणजे 30 किलोमीटरच्या वर. किती अंतरावर डिटेक्टर हवेत, किती डिग्रीला थांबायचं याचा सरकारी नियमच तिकडे नव्हता. एका कारखान्याच्या कॅमेऱ्यात तर डब्याखाली जाळ दिसतोय, अपघाताच्या 20 मैल आधीच.

आपल्याकडे अजून स्टेशनवर न थांबता गाडी जाते तेव्हा स्टेशनचा माणूस हिरवा झेंडा घेऊन उभा राहतो आणि फाटकावर गेटमन उभा राहतो. लोकांना वाटतं नुसती सलामी आहे. तसं नाही, त्याने गाडी बघायची असते, कुठे धूर आहे का, काही लोंबतंय का, चाक लाल झालंय का, कुठल्या डब्यातून विचित्र आवाज येतोय का, आणि तसं दिसलं तर लाल दाखवून गाडी थांबवायची. यार्डात गाडी शिरताना आम्ही रोलिंग इन घ्यायचो, म्हणजे गाडी हळू चालत असताना दोन्ही बाजूंनी बसून चाकं बघायची, आणि उभी राहिली की अ‍ॅक्सल बॉक्सला हात लावत जायचं, हात ठेवता येत नसेल तर डबा सिक, म्हणजे दुरुस्तीला बाजूला. नंतर तापमानाची गन आली पण हात काही सुटला नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की हे बघायला माणूस लागतो आणि त्या माणसाला वेळ लागतो. तिकडचे कारमन, म्हणजे डबे तपासणारे, सांगतात की पूर्वी एका डब्यामागे तीन मिनिटं मिळायची, आता एकाच मिनिटाचा तगादा असतो. एका मिनिटात मी ब्रेकचे ठोकळे सुद्धा धड बघितले नसते.

निखिल_हिंजवडी

मी थोडी दुसरी बाजू मांडतो, फायनान्समध्ये आहे आणि रेल्वेचे शेअर बघत असतो.

आधी एक गोष्ट, अमेरिकेत मालगाडी कंपन्यांचे रूळ त्यांच्या मालकीचे असतात, दुरुस्ती त्यांच्याच खिशातून होते, सरकार देत नाही. त्यांची संघटना सांगते की सगळे मिळून वर्षाला 20 अब्ज डॉलरच्या वर खर्च करतात. 2000 सालापासून बघितलं तर मेनलाईनवरचे अपघात कमी झालेत. डबे घसरण्याच्या वर्षाला हजारावर घटना होतात हे खरं, पण बहुतेक यार्डात, कमी स्पीडला. त्यामुळे "रूळ सोडून दिले आणि बागा बांधल्या" असं सरसकट लिहू नकोस, कोणीही खोडून काढेल.

पण एक आकडा केस स्टडीत नक्की टाक, ऑपरेटिंग रेशो. म्हणजे 100 डॉलर कमावले तर चालवायला किती गेले. वॉल स्ट्रीटला तो 60 च्या आसपास किंवा खाली हवा असतो. हंटर हॅरिसन नावाच्या माणसाने प्रिसिजन शेड्युल्ड रेलरोडिंग आणलं, आधी कॅनडात आणि 2017 ला सीएसएक्समध्ये, मग बाकीच्यांनी उचललं. गाड्या लांब, इंजिनं कमी, यार्ड बंद, माणसं कमी. तिकडच्या रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष मार्टिन ओबरमन 2022 ला म्हणाले होते की सहा वर्षांत कंपन्यांनी 45,000 माणसं कमी केली, म्हणजे 29 टक्के. त्याच वर्षी मार्चमध्ये नॉरफोक सदर्नने स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायला 10 अब्ज डॉलर मंजूर केले. आता ते अडीच कोटी या 10 अब्जांशेजारी ठेवून बघ, पाव टक्का येतो. दान खोटं आहे असं मी म्हणत नाही, बागेत मुलं खेळतील ती खरीच खेळतील. पण मॅडम म्हणतात ते बॅलन्स पैशात मोजायला गेलं तर काट्यावर दुसऱ्या बाजूला काहीच नाहीये.

रात्रपाळी_वाकड

मी इथे वाकडला बसून काही वर्षं एका अमेरिकन मालगाडी कंपनीच्या क्रू कॉलिंग सिस्टीमला सपोर्ट दिलाय, कंपनीचं नाव सांगत नाही. आपली रात्र म्हणजे त्यांचा दिवस त्यामुळे रात्रभर स्क्रीनवर तेच. इंजिनिअर (म्हणजे तिकडचा लोको पायलट) आणि कंडक्टर यांना ठरलेली ड्युटी नसते, बोर्डावर नाव वर सरकत जातं आणि फोन आला की दीड दोन तासांत हजर व्हायचं, मग ते पहाटे 2 असो की पोरीचा वाढदिवस असो. कायद्याने सलग 12 तास काम आणि मग 10 तास विश्रांती, बारा तास भरले की गाडी जिथे असेल तिथे सोडायची आणि व्हॅन येईपर्यंत त्याच केबिनमध्ये बसून राहायचं. कागदावर रेस्ट पूर्ण दिसते. पण फोन कधी येणार हेच माहीत नसेल तर माणूस झोपणार कधी, हा प्रश्न मला स्क्रीनवर रोज दिसायचा आणि मी त्याबद्दल काही करू शकत नव्हते.

त्यात बीएनएसएफ या मोठ्या मालगाडी कंपनीने फेब्रुवारी 2022 ला हजेरीचे पॉइंट आणले. प्रत्येकाला 30 पॉइंट, सुट्टी घेतली की कापायचे, वीकेंडला जास्त, आणि 4 पॉइंट परत मिळवायचे तर सलग 14 दिवस फोनला हजर राहायचं. डॉक्टरची अपॉइंटमेंट सुद्धा त्यातच. सायली, संपाचा विषय इथून पेटला, नुसता पगाराचा नव्हता, पगार तर पाच वर्षांत 24 टक्के वाढत होता. एक लाख पंधरा हजार कामगार, बारा युनियन, त्यातल्या चार युनियननी करार नाकारला. मग काँग्रेसने 1926 च्या रेल्वे लेबर अ‍ॅक्टखाली तोच करार सगळ्यांवर लादला, 2 डिसेंबर 2022 ला बायडेननी सही केली. सात दिवसांच्या आजारी रजेवर सिनेटमध्ये वेगळं मतदान झालं, 52 विरुद्ध 43, तरी 60 लागतात म्हणून पडलं. आणि गंमत नाही, हे फार गंभीर आहे, पुढच्या वर्षी, ईस्ट पॅलेस्टाईन घडून गेल्यावर त्याच कंपन्यांनी एकेका युनियनशी बसून पगारी आजारी रजा द्यायला सुरुवात केली. म्हणजे देता येत होती.

सायली_कोथरूड

काका, निखिलदादा, ताई, तिघांचेही खूप आभार. काकांचं वाचून मी काल घोरपडीच्या बाजूला मुद्दाम थांबून मालगाडी जाताना बघितली, लोणीला जाणारे तेलाचे टँकर होते, झेंडा घेतलेला माणूस शेवटचा डबा जाईपर्यंत चाकांकडेच बघत होता, मी आजवर कधी लक्षच दिलं नव्हतं.

मला आता असं वाटतंय की दान आणि हेळसांड या दोन बाजू नाहीतच. गावाला मिळालेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे त्या गावातून नीट जाणारी गाडी, आणि ती देतो कारमन, ट्रॅक इन्स्पेक्टर आणि झोप झालेला इंजिनिअर. त्यांच्यावरचा खर्च कापला की तो गावाकडूनच काढून घेतलेला असतो, मग सांता ट्रेन कितीही चांगली असू दे. हे बरोबर आहे का? आणि युनियन पॅसिफिकबद्दल असं काही आहे का, नाहीतर दादा म्हणेल की एकाच कंपनीला धरून बसलीस.

दौंडकर_टीएक्सआर

अगदी बरोबर ताई, असंच लिहा.

युनियन पॅसिफिकचं आहे. तुमच्या दादाच्याच राज्यात नॉर्थ प्लॅटला बेली यार्ड आहे, जगातलं सगळ्यात मोठं यार्ड म्हणतात. 2023 च्या उन्हाळ्यात फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे इन्स्पेक्टर तिथे उतरले आणि तपासलेल्या डब्यांत जवळपास 20 टक्के सदोष, इंजिनांत 70 टक्क्यांच्या वर सदोष निघाली, देशाच्या सरासरीच्या दुप्पट. आणि त्याच दिवसांत कंपनी दुरुस्तीवाल्यांना घरी बसवत होती. त्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख अमित बोस यांनी सप्टेंबरमध्ये कंपनीला तसं पत्रच लिहिलं. बिग बॉयला ज्या मायेने उघडून, एकेक भाग बदलून परत जोडलं ती माया रोजच्या इंजिनाला पण मिळायला हवी, मिस्त्री तर कंपनीकडे होतेच.

रात्रपाळी_वाकड

सायली, दोन गोष्टी अजून घाल.

एक, ते टँकर पेटवणं. एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी तिकडची सरकारी संस्था) जून 2024 ला स्पष्ट सांगितलं की त्याची गरजच नव्हती, टँकर थंड होत होते आणि केमिकल बनवणारी कंपनी सांगत होती की धोका तसा नाहीये, पण हे निर्णय घेणाऱ्या माणसांपर्यंत नीट पोचलंच नाही, रेल्वे आणि तिच्या कंत्राटदारांनी एकच रस्ता उरलाय असं चित्र उभं केलं. गावाच्या फायर चीफला ठरवायला मिनिटं दिली होती. बागेचे पैसे मोजताना हे विसरू नकोस. पुढे रहिवाशांशी 60 कोटी डॉलरची आणि केंद्र सरकारशी 31 कोटींच्या वरची तडजोड झाली, त्याला कोणी दान म्हणू नये.

दोन, लॅक मेगँटिक, क्विबेक, 6 जुलै 2013. छोटी कंपनी होती, रुळांची अवस्था वाईट, आणि तेलाच्या 72 टँकरांवर एकच माणूस. त्याने रात्री उतारावर गाडी लावली, हँडब्रेक सातच लावले, तो गेल्यावर इंजिनाला आग लागली ती विझवताना अग्निशामकांनी इंजिन बंद केलं, हवेचे ब्रेक उतरले आणि गाडी एकटी गावात शिरली. 47 माणसं गेली. अमेरिकेत दोन माणसांचा नियम यायला 2024 उजाडलं.

निखिल_हिंजवडी

डेटा हवा असेल तर फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या सेफ्टी डेटाच्या साईटवर जा, कंपनी आणि वर्ष निवडून अपघातांची यादी फुकट उतरवता येते. प्रत्येक अपघाताला कारणाचा कोड असतो, टी ने सुरू होणारे रुळांचे, ई चे डबे इंजिनांचे, एच चे माणसाच्या चुकीचे. एच वाले बाजूला टाकू नकोस, त्यांच्या खाली वर्णन लिहिलेलं असतं, आणि ड्युटीवर येऊन किती तास झाले होते तेही फॉर्मवर असतं. एका राज्याचेच घे, नेब्रास्का घे, सगळा देश घेशील तर सबमिशनपर्यंत आवरणार नाही. पहिल्यांदा एक्सेलमध्ये अडलीस तर सांग, शनिवारी कोथरूडला येतो तेव्हा बसू.

दौंडकर_टीएक्सआर

टी आणि ई वाल्यांची यादी मला पण पाठवा, कुठलं बेअरिंग का गेलं ते मी सांगू शकेन.