५४ किलो उतरले, पण पोटाची कातडी लोंबते आहे. लग्नाआधी ऑपरेशन करून घ्यावं का?

अंबडचा फिटर

नमस्कार मंडळी. वय ३२, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर, घर सिडकोत. माझं वजन १३६ किलो होतं, आता ८२ आहे. वडिलांची साखर किडनीपर्यंत गेली, डायलिसिस लागलं, तेव्हाच ठरवलं की आपल्याला या वाटेने जायचं नाही. रात्रपाळीच्या सुट्टीतला वडापाव बंद, गोड चहा बंद, ताटात भाकरी एक आणि उसळ दुप्पट. पहिली पाळी नसेल त्या सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या. दोन वर्षांहून जास्त काळ लागला. गेले तीन महिने काटा ८२-८३ वर थांबला आहे.

शर्ट घातला की मी बारीक माणूस दिसतो. कंपनीत नवीन आलेल्या पोरांना माझा जुना फोटो दाखवला तर खरं वाटत नाही. पण शर्ट काढला की बेंबीखालची कातडी लोंबून पँटच्या पट्ट्यावर येते. वाकलो की दोन्ही हातांत मावेल इतकी. छाती खाली ओघळली आहे, दंडाखाली झोळ आहे, मांड्या आतून एकमेकींना घासतात. मशीनखाली शिरून काम करताना पोटाची घडी पट्ट्यात चिमटते, डोळ्यांत पाणी येतं. आणि या पावसाळ्यात तर घडीच्या आत लाल होतं, चिघळतं, वास येतो. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण माझं लग्न ठरलं आहे. साखरपुडा झाला, तारीख तुळशीच्या लग्नानंतरची. मुलगी निफाड तालुक्यातली, घरची द्राक्षबाग आहे, स्वतः डी.एड. झालेली. आमच्या भावकीत हळदीला नवरदेवाला उघड्या अंगाने पाटावर बसवतात. मांडवात शे-दोनशे माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, वर व्हिडिओवाला. लहानपणापासून मी कोणासमोर शर्ट काढलेला नाही. त्र्यंबकरोडच्या सावरकर जलतरण तलावावर मित्र पोहायला जायचे, मी बाहेर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. वाटलं होतं, वजन उतरलं की हे संपेल.

आणि ती. तिने मला आत्ताचा पाहिला आहे, जुने फोटोही पाहिले आहेत, शर्टाखालचं तिला माहीत नाही. लग्नाआधी न सांगणं म्हणजे फसवणं होईल का, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

एका क्लिनिकमध्ये चौकशी केली. तिथे म्हणाले की मशीनच्या बारा बैठका घ्या, कातडी घट्ट होईल, लग्नापर्यंत काम होऊन जाईल. पॅकेज माझ्या तीन पगारांएवढं. भरायची तयारी आहे, पण खरंच होतं का तसं? की सरळ ऑपरेशन करून घेऊ? हातात चार महिने आहेत. जिममध्ये कोणी म्हणतं कोलॅजनची पावडर घे, कोणी म्हणतं तिळाच्या तेलाने मालिश कर. ज्यांनी हे भोगलं आहे त्यांनी सांगा.

नाशिकरोडची सिस्टर

भाऊ, सर्वात आधी तुमचं अभिनंदन. वडिलांना डायलिसिसला नेत असताना, पाळ्या करत, ५४ किलो उतरवणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मी अगदी मनापासून म्हणते. मी सर्जरीच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलं आहे, त्यातलं सांगते. डॉक्टर मी नाही, तपासून घ्यायचंच आहे.

ती ट्यूब आधी थांबवा आणि तिच्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉलसारखं कडक स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने खाज आणि लाली झटकन जाते म्हणून चार दिवस बरं वाटतं. बुरशी मात्र आत राहते, पसरते, आणि घडीतली कातडी आणखी पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. कंपनीतून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर सातपूरच्या ईएसआय रुग्णालयातूनही सुरुवात करता येईल. तोवर रोज दोनदा घडी धुवा आणि पूर्ण कोरडी करा. घासू नका, टिपा. मग जुन्या सुती धोतराची स्वच्छ पट्टी घडीत ठेवा आणि ओली झाली की बदला. डब्यासोबत तीन-चार पट्ट्या कंपनीत नेता येतील. घामाचा बनियन अंगावर वाळू देऊ नका.

आता कातडीचं. त्वचेला ताण देणारे आणि परत आणणारे तंतू असतात, कोलॅजन आणि इलॅस्टिन. तुम्ही फिटर आहात, मर्यादेपलीकडे वर्षानुवर्षं ताणून ठेवलेली स्प्रिंग सोडली तरी मूळ लांबीवर येत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. किती वजन होतं, किती वर्षं होतं, वय काय, घराण्यातली कातडी कशी, तंबाखू-सिगारेट आहे का, यावर किती आवळणार ते ठरतं. ३२ हे वय तुमच्या बाजूचं आहे आणि वजन थांबून तीनच महिने झाले आहेत, म्हणजे अजून थोडंफार आवळेल, वर्षभर तरी वाट बघा. पण दोन हातांत मावणारी घडी आपोआप जाणार नाही. तेल, क्रीम, पावडर यांतल्या कशानेच ती जात नाही. तेलाने तर घडीत ओल धरेल, पोटाला लावूच नका. मशीनने थोडीशी सैल कातडी थोडीशी घट्ट होऊ शकते. पट्ट्यावर लोंबणाऱ्या घडीसाठी ते पैसे देऊ नका. हे मी ठामपणे सांगते.

उपाय ऑपरेशनच. फक्त लोंबणारा भाग काढणं वेगळं आणि ॲब्डोमिनोप्लास्टी वेगळी, तिच्यात आतले सैल झालेले स्नायूही शिवून घट्ट करतात. पण चांगला प्लास्टिक सर्जन तुम्हाला लग्नाआधी टेबलावर घेणारच नाही. वजन किमान सहा महिने, बरेच जण तर वर्षभर, एकाच जागी राहिलेलं त्यांना हवं असतं. हिमोग्लोबिन, प्रथिनं, बी-१२ चांगलं लागतं, कारण डाएटवर उतरलेल्या माणसाच्या अंगात जखम भरायला लागणारं साहित्यच कमी असतं. जखम लांब असते, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत. आत पाणी साचणं, टाका उघडणं, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गाठ, हे सगळे धोके खरे आहेत. तंबाखू खात असाल, अगदी मिश्री असली तरी, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडा काळ्या पडतात. आधी काही आठवडे ती पूर्ण बंद लागते. आणि तुमचं काम वजन उचलण्याचं आहे, त्याला साधारण दीड-दोन महिने सुट्टी लागेल. अशा पोटाने मांडवात उभं राहायचं आहे का तुम्हाला?

प्रथिनं वाढवण्याआधी वडिलांच्या इतिहासामुळे स्वतःचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), लघवीतलं प्रथिन आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) एकदा करून घ्या. ठीक असेल तर डॉक्टरांना विचारून तुमच्या वजनाला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास चालतं. अंड्यात सहा ग्रॅम असतं, त्यावरून हिशेब करा. वजनं उचलण्याचा व्यायाम करा. कातडी त्याने जाणार नाही, पण दंड आणि छातीत स्नायू भरला की झोळ कमी दिसतो.

इंदिरानगर_ताई

माझं ऑपरेशन होऊन गेलं आहे म्हणून लिहिते. मी आधी बॅरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याचं ऑपरेशन, केलं होतं, ११८ वरून ७० ला आले. पोटाची कातडी काढली ती त्यानंतर दीड वर्ष थांबून.

सिस्टरांनी सांगितलं ते सगळं खरं, पण वॉर्डातून घरी आल्यावरचं घरच्यालाच माहीत. पहिले काही दिवस मी कमरेत वाकून चालत होते, सरळ झालं की टाके ओढायचे. झोपायचं ते गुडघ्याखाली उशा घेऊन, कुशीवर नाही. पोटातून दोन नळ्या बाहेर आणि त्यांच्या बाटल्यांमधलं पाणी मोजून वहीत लिहायचं, हे काम माझ्या सासूबाईंनी केलं. पोटाला घट्ट पट्टा रात्रंदिवस. जखमेचं एक टोक उघडलं होतं, त्याचं ड्रेसिंग बराच काळ चाललं. व्रण अजून आहे, साडीच्या निऱ्यांखाली जातो. बेंबीखालचा भाग अजून बधिर आहे.

तरी पुन्हा विचारलं तर मी हेच करीन. कारण घडीतलं चिघळणं थांबलं. मे महिन्यात मी आता चालू शकते. दंडाचं मात्र नाही केलं, कारण दंडावरचा व्रण कोपरापर्यंत दिसतो आणि ब्लाउजची बाही कोपरापर्यंत शिवून घेतली की माझं भागतं.

पैशाचं बोलते, कारण याविषयी कोणी आधी सांगत नाही. आरोग्य विम्यात कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी हा विमा नियामकाने ठरवून दिलेला प्रमाणित अपवाद आहे. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना चालते, आणि तब्येतीला थेट धोका आहे म्हणून वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तरच विचार होतो. आमचा दावा नाकारला गेला, कारण चिघळण्याचे कागदच नव्हते. तुम्ही आत्तापासून कागद जमवा. प्रत्येक वेळी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि केसपेपरवर घडीत संसर्ग असं स्पष्ट लिहून घ्या. खासगीत खर्च जास्त आहे, वर जीएसटी. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. गर्दी असते, थांबावं लागतं, पण तुम्हाला तसंही थांबायचंच आहे. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन ओपीडी दाखवून येता येतं.

आणि त्या मुलीला सांगा भाऊ. लग्न झाल्यावर कळण्याची भीती मनात ठेवून हळदीला बसू नका.

पंचवटीकर

मित्रा, मी ऑपरेशन केलेलं नाही आणि करणारही नाही. चाळीस किलोच्या वर उतरलो, पोट लोंबतं, छाती लोंबते, दोन मुलं आहेत, संसार सुरळीत आहे. बायकोला मी बस्ता बांधायच्या आधीच सांगितलं होतं.

हळदीचं फार मनावर घेऊ नकोस, ते जमवता येतं. मामाला किंवा मोठ्या काकाला एकट्यात गाठ आणि सांग की माझ्या अंगावर त्वचेचा संसर्ग आहे, डॉक्टरांनी उघड्या अंगाला हळद चोळायला नको म्हटलं आहे. ते खोटंही नाही. सिस्टर म्हणतात तशी घडी चिघळलेली असेल तर त्यात हळद-तेल जाऊच नये. पांढरा सुती सदरा घालून पाटावर बस. पाच सवाष्णींनी कपाळ, गाल, हात, गुडघे, पाय यांना हळद लावली की विधी पूर्ण होतो. सदऱ्याला हळद लागली की बाकीचे खूश. व्हिडिओवाल्याला घरच्याच माणसाकडून आधी सांगून ठेव.

कामावर आतून टाइट बनियन घाल, कंप्रेशनची मिळते, कमरेच्या खालपर्यंत येणारी. घडी वर धरली जाते, पट्ट्यात चिमटत नाही. दोन-तीन घे, रोज धुतलेली लागते. आणि पँटला पट्ट्याऐवजी गॅलिस (खांद्यावरून येणारे पट्टे) लावून बघ, मशीनखाली शिरताना फार फरक पडतो.

अंबडचा फिटर

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, वडिलांची तब्येत मध्ये बिघडली होती.

ट्यूबवर क्लोबेटासॉल लिहिलेलंच होतं. ती टाकून दिली. त्वचेच्या डॉक्टरांनी दुसरी औषधं दिली, जुनी ट्यूब बंद केल्यावर सुरुवातीला जास्त लाल होईल असं आधीच सांगितलं होतं आणि झालंही तसंच, आता उतरतंय. सुती पट्ट्यांनी कंपनीत खूप आराम आहे. केसपेपरवर संसर्ग लिहून घेतला. मशीनचं पॅकेज घेतलं नाही. क्रिएटिनिन नॉर्मल आलं आणि तो कागद आईच्या हातात दिला तेव्हा ती देवघराकडे गेली.

तिला सांगितलं. फोनवर नाही, त्यांच्या बागेत, तिचा भाऊ थोड्या अंतरावर असताना. मी बोलत राहिलो आणि ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "दुखतं का?" मी म्हणालो, कामावर दुखतं. तिने विचारलं की ऑपरेशन कोणासाठी करायचं आहे. तिला मी म्हणालो की हळदीसाठी नाही, मशीनखाली शिरता यावं म्हणून. ती म्हणाली, मग लग्नानंतर माझ्या सुट्टीत करू, तुमच्या बाटल्यांचं पाणी मोजायला कोणीतरी लागेल ना. इंदिरानगरच्या ताईंचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला होता.

सिस्टर, एकच विचारायचं राहिलं. बेंबीच्या वर, जोर लावला की, एक फुगवटा येतो, झोपलो की जातो. तो कातडीचाच भाग का?

नाशिकरोडची सिस्टर

नाही भाऊ, तो हर्निया असू शकतो, म्हणजे पोटाच्या स्नायूतल्या फटीतून आतला भाग बाहेर येणं. वजन उचलणं आत्ता थांबवा आणि या आठवड्यात जनरल सर्जनला दाखवा, ते सोनोग्राफी सांगतील. फुगवटा दुखू लागला, कडक झाला, आत जाईनासा झाला किंवा उलट्या सुरू झाल्या तर दिवस-रात्र न बघता थेट इमर्जन्सीत जा. हर्निया निघाला तर त्याचं ऑपरेशन विम्यात बसतं, मात्र पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी, म्हणजे दावा करता येण्याआधी थांबायचा काळ, तपासा. ते आत्ता करायचं की पुढे कातडीसोबत, हे सर्जनलाच ठरवू द्या.

पंचवटीकर

आणि शेरवानीचं माप द्यायला जाताना आतून तीच टाइट बनियन घालून जा, नाहीतर लग्नात छातीवर सैल बसेल.